पुसू का बाळा?

बाबा, रातभर माझा डोळा लागला न्हाय. तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या मशीननं काल दुपारी मला एक प्रश्न इचारलाय, आणि मी अजून त्याला उत्तर दिलं न्हाय. आता उजाडलं, पोरगी माझ्या मांडीवर हाय, आणि ते अक्षर तसंच हिरवं उभं हाय. चुकीचं उत्तर दिलं तर तू काढलेल्या सगळ्या बोटी पुसल्या जातील. म्हणून बसून बसून तुला लिहिते. तुला पोचणार न्हाय ते मला ठाव हाय.

तू गेल्यावर काय काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. खाडीवरचं बोटी बांधायचं यार्ड बंद झालं तवा तू हे मशीन टेम्पोत घालून घरी आणलंस, ते अजून त्याच कोपऱ्यात हाय, त्याच्यावर आईची जुनी ओढणी झाकलेली असते. गावातल्या निम्म्या बोटींची चित्रं त्याच्यात. बोटीची फासळी मोडली की मेस्तरीकाका येतात, मी पडद्यावर ती बोट काढते, ती फासळी काढते, लांब कागद लावते आणि मापाचा फरमा छापून देते. तो फरमा लाकडावर ठेवून काका कापतात. मला एवढंच येतं. ते पण तू शिकवलं न्हाईस, तुझं बघून आलं. माझा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, पावसात बोटी वर ओढलेल्या असतात, त्या महिन्यांत घर फरम्यांवर चालतं. आता मोठ्या मचव्याच्या फासळ्या गेल्यात, आणि नारळी पुनवेच्या आत तो पाण्यात जायला पायजे. काका रोज दारात उभे. "बाय, फरमा देतेस का पोरगीच्या बारशाला देणार?" बारसं कवाच झालं. त्यांना ठाव हाय, तरी म्हणतात.

पण मशीनमधली डिस्क आजारी हाय. खवलं काढताना सुरी हाडाला लागते ना, तसा आवाज करते. चित्र उघडायला घेतलं की थांबते, खरवडते, मग उघडते. एक दिवस उघडणार न्हाय. तुझ्या लेकाला फोन केला. तो पुण्याला मोठ्या कंपनीत हाय, तुला आनंद व्हईल. त्यानं कुठून तरी तशीच जुन्या जातीची दुसरी डिस्क शोधली आणि म्हसळ्याच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडं पाठवली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. फोनवर म्हणाला, "तू हात लावू नको. मी गणपतीला येतो, मग जोडतो."

मी म्हटलं, "गणपती पुनवेच्या नंतर येतो रे."

"मग काकांना थांबायला सांग. ताई, ते तुझं काम न्हाय. भांडी न्हायत ती."

भांडी न्हायत ती. बाबा, त्याला हे बोलायला कुणी शिकवलं? तूच की. तुझ्या खुर्चीच्या बाजूला ते एक स्टूल व्हतं, त्याच्यावर तो बसायचा. त्याचे पाय खाली पोचत नव्हते. तू त्याचा हात धरून एकेक बटण दाबायचास आणि मी चुलीवरून चहा घेऊन दारात उभी. पुढं आले की म्हणायचास, "बाय, तिकडंच थांब, वायरीवर सांडशील." एकदा पण सांडला न्हाय मी. यार्डातून त्याला बारीक पान्यांचा डबा आणलास आणि मला केसाच्या आकड्या. आकड्या चांगल्या व्हत्या, मी आनंदानं लावल्या पण. पण तू झोपलास की मी त्याचा डबा उघडून बघायची, आणि तो रडायचा की ताईनं माझ्या डब्याला हात लावला. मग तू गेलास, आई मासळी घेऊन बाजाराला जायला लागली, घरात चूल कुणी करायची म्हणून माझी शाळा आठवीत सुटली. त्याची न्हाय सुटली. सुटायला पायजे व्हती असं मी म्हणत न्हाय. पण तो पास झाला की पेढे मीच वाटायचे, आणि वाटताना माझ्या पोटात आग पडायची. अजून पडते. पोरीला पाजताना पण पडते, मग मला भीती वाटते की हे दुधात उतरेल.

म्हणून मी काल डिस्क जोडली. मीच. मशीन बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं. आत एकच पट्टीसारखी वायर जाते आणि दोन्ही डिस्क तिच्यावरच बसतात. डिस्कच्या मागं बारीक पिना असतात आणि त्यांच्यावर तांदळाएवढी काळी टोपी. कुठल्या पिनेवर टोपी, त्याच्यावरून डिस्कचा नंबर ठरतो. दोघींचा नंबर एक झाला तर मशीन हाक मारतं आणि दोघी एकदम ओ देतात, मग काही कळत न्हाय. हे तू त्याला सांगत व्हतास तवा मी दारात उभी. नवी डिस्क बघितली तर तिची टोपी पण जुनीसारखीच बसवलेली. मी केसाची आकडी काढली, टोपी ओढली, बाजूच्या पिनेवर बसवली. तुझी आकडी कधीच हरवली, ही माझी. मग सुरू करताना मशीनला नव्यानं सगळं बघायला सांगावं लागतं, ते पण सांगितलं. आणि बाबा, त्यानं बघितलं! दोन डिस्क दाखवल्या. मी पोरीला उचलून नाचले. मेस्तरीकाका दारातून म्हणाले, "काय गो, लॉटरी लागली काय?"

तेवढ्यात भावाचा फोन. मी म्हटलं, "झालं. जोडली मी."

तो हसला. "बस की, खोटं बोलू नको."

"तुझ्याशिवाय झालं म्हणून पोटात दुखतंय काय तुझ्या? आता फोन करू नको मला." ठेवलाच मी.

पण झालं न्हवतं. नवी डिस्क आधी पुसून साफ करायला लागते, मग तिच्यावर चित्रं ठेवता येतात. त्याच्यासाठी तू एक प्रोग्रॅम करून ठेवलेला. तो इचारतो कुठली डिस्क. एकीच्या पुढं शून्य, दुसरीच्या पुढं एक. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. मी इचार केला, शून्य म्हंजे काही न्हाय, नवी डिस्क रिकामी, म्हंजे शून्य तीच. शून्य दाबलं. तर इंग्लिश अक्षरांत आलं, पुसू का बाळा. आणि खाली व्हय का न्हाय.

माझं बोट व्हयवर गेलं व्हतं. पण ते बाळा वाचलं आणि माझ्या कानशिलात ऊन झालं. बाळा तू त्याला म्हणायचास. मला बाय. मशीन पण त्यालाच इचारत व्हतं, इतक्या वर्षांनी, मी समोर बसलेली असताना. मी हात मागं घेतला. मनात म्हटलं, जा, मर, त्याच्याकडनंच उत्तर घे.

आणि रागात तो दिवस डोळ्यांसमोर आला. आई पुढच्या दारी सुकट मोजतेय. लाभ, दोन, तीन, चार. पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत आपल्यात, लाभ म्हणायचं, म्हंजे बरकत येते. तू आत त्याला सांगतोस, "ऐकतोस ना आईचं? आई पयल्याला एक म्हणत न्हाय. हे मशीन पण म्हणत न्हाय. ते पयल्याला शून्य म्हणतं." तो म्हणतो, "शून्यानं बरकत कशी येईल बाबा?" तू खो खो हसतोस. मी चहा घेऊन दारात. मला पण हसू येतं, पण माझ्याकडं कुणी बघत न्हाय.

म्हंजे शून्य ती पयली. तुझी. सगळ्या बोटी तिच्यावर. आणि मी ती पुसायला निघाले व्हते, बाबा. आता न्हाय दाबून दुसरी घेऊ म्हटलं, तर भीती वाटते. मी टोपी हलवली, त्यानं नंबर उलटे झाले असले तर? दारात उभं राहून जेवढं ऐकू आलं तेवढंच मला येतं. मधलं तू हळू बोलायचास, त्याच्या कानात, ते मला ऐकू आलं न्हाय. लाइट गेली तर काय व्हतं ते पण मला ठाव न्हाय.

त्याला फोन करायला फोन उचलते आणि ठेवते. मला येत न्हाय, हे एवढं त्याला म्हणायचं, तर तोंडातून निघत न्हाय. कागदावर निघालं. तुझ्यापुढं निघालं.

हा कागद मी मशीनच्या बटणांवर ठेवते आणि पोरीला घेऊन जरा पडते. माझा नवरा येईल, न्हायतर मेस्तरीकाका येतील, ज्याच्या हाताला लागेल त्यानं कशाला हात लावू नये, आधी माझ्या भावाला फोन करावा. सांगावं, ताईनं अजून काही दाबलं न्हाय, गणपतीची वाट बघू नको, आज ये. आणि हे पण सांगावं, की खुर्चीवर ताई बसणार हाय. तुझं स्टूल पुसून ठेवलंय.