जुन्या हमरस्त्याने दगडी पुलापर्यंत

सूनबाई,

मी आणि आमच्या बसचा जुना ड्रायव्हर त्याच्या गाडीने जुन्या हमरस्त्यावरून दगडी पुलापर्यंत जाऊन येतो. राजेरजवाड्यांच्या काळातला रस्ता तो. तीस वर्षं त्याने तिथे बस हाकली आणि मी बेल मारली. हल्ली तो विसरतो, म्हणून मी सोबत. पण तो म्हणतो, तूच त्याला फोन केलास, की बाबा हल्ली विसरतात, जरा फिरवून आणा. आता कोण कोणाला सांभाळतंय, काही उलगडा होईना.

चिठ्ठी फ्रिजवर लावायला गेलो, तर तिथे अशीच एक आधीच लावलेली. अक्षर माझंच, तारीख कालची. काल आम्ही पुलापर्यंत पोचलो होतो का, ते मला एकट्याला सांग. ड्रायव्हरच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

बाबा