रांग मोडणारी बाई

माजिवडा, ठाणे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय चित्रा,

तुझा गुडघा कसा आहे? ऋजुता तुला जिने चढू देत नाही असं ऐकलं; बरं करते. सून शहाणी असली की सासूला ती जाचक वाटते, तशी ती तुला वाटत असणारच. माझं ठीक. पेन्शन येते, बीपी आहे, आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडायला माणसं कमी पडत नाहीत.

रविवारी खोपटला त्या जुन्या बस-पोस्टरांच्या प्रदर्शनाला गेले होते. तुझं निमंत्रण आलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. म्हटलं, तू संध्याकाळी यायच्या आत जाऊन तुला चकित करावं.

पोस्टरं देखणी आहेत. आताच्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे नुसते दात दिसतात. तिथे तीन रंगांत अख्खी बस उभी केलेली. अक्षरंसुद्धा हातानं काढलेली.

मग तुझं दिसलं. ‘रांगेनं या.’ कडेला बसची फक्त लाल पट्टी, रांगेतली माणसं म्हणजे मिटलेल्या छत्र्या, आणि त्यांना कापत तिरकी घुसलेली एक बाई. पोस्टरभर तिचं कोपर. अंबाडा घट्ट, नाक वर. खाली चिठ्ठी: चित्रा गुप्ते, १९७६, एकमेव उरलेली प्रत.

ती बाई मी ओळखली. मीच! शाळेत सिस्टर म्हणायच्या ना, आधी हिचं नाक वर्गात शिरतं, मग ही. शाळेपासूनची मैत्री, आणि हिनं मला बसस्टॉपवर टांगलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांडणी बघणाऱ्या पायलला गाठलं.

“हे आत्ताच्या आत्ता उतरव. माझी बदनामी आहे ही.”

“आजी, हे पन्नास वर्षांपूर्वीचं आहे.”

“मी तेव्हाही होते! आणि आजी कुणाला म्हणतेस?”

“सॉरी मॅडम. चित्राताई सहाला येतायत, त्यांना विचारते ना.”

“वकिलाला विचार. माझा भाचा हायकोर्टात आहे.”

भाचा म्हणजे अनिमेष, आणि तो बँकेत आहे, हे तुला माहीतच आहे. पोर घाबरली आणि शिडी आणायला गेली.

तू आलीस की तोंडावर बोलायचं म्हणून मी थांबले. काठी टेकत तू थेट त्या भिंतीकडे गेलीस. भिंतीवर टाचण्यांची भोकं. “लावलंच नाही का गं?” तू विचारलंस. पायल म्हणाली, एका बाईंना त्यात त्या स्वतः दिसल्या.

तू हसलीस. “अगं, मॉडेल आणायला पैसे कुठे होते? आरशासमोर कोपर काढून मीच उभी राहायचे. म्हणून तर घड्याळ उजव्या हातात आलंय. माझीच टर उडवलीय ती.” मग म्हणालीस, “त्यांचा नंबर दे मला. वाईट वाटलं असेल बिचारीला.”

मी खांबामागे होते, चित्रा. सगळं ऐकलं आणि पुढे आले नाही. तुम्ही दोघी निघून जाईपर्यंत शेजारच्या पोस्टरवरचं बसचं वेळापत्रक वाचत उभी राहिले.

आणि पायलनं तुला सांगितलं ना, पोस्टर आत जपून ठेवलंय? तुझा चेहरा बघून तिला खरं सांगवलं नाही. ती शिडी घेऊन येईपर्यंत मला धीर धरवला नाही. मीच ओढलं. जुना कागद, कोपरापासून गळ्यापर्यंत टरकन फाटला. आवाज मला ऐकू आला. तरी हात काढला नाही, उरलेलंही ओढलं.

काल जाऊन पायलला सगळं कबूल केलं. ती म्हणाली, कागद जोडणारे आहेत, पण सांधा दिसणार. आणखी दोन रविवार प्रदर्शन आहे; लावायचं की नाही ते चित्राताई सांगतील. मी म्हटलं, त्यांना मी कळवते. फोन हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा खाली ठेवला. जगाला सुनावणाऱ्या या जिभेला तुझं नावसुद्धा घेता येईना. म्हणून पत्र.

लावायचं ठरवलंस तर फाटलेलं झाकू देऊ नकोस. तुझ्या नावाच्या चिठ्ठीशेजारी दुसरी लावायला सांग, कुणी फाडलं त्याची. ‘एक प्रेक्षक’ असला सभ्यपणा नको. नाव, आडनाव, सगळं.

‘तुझी’ लिहायचं की नाही, ते तुझ्यावर सोडून,

नीरजा कर्णिक