टॅबलेट, ई-रीडर आणि चौथं कडवं

७ सप्टेंबर
दिवाळीआधी घराला रंग. मालन म्हणाली, "तुमची पुस्तकं तुम्ही काढा, नाहीतर मी काढते." सुशांत ठाण्याहून येऊन त्याचा जुना टॅबलेट आणि सूनबाईंचा ई-रीडर ठेवून गेला. "बाबा, दोन्ही वापरून बघा, आवडेल तो ठेवा." शास्त्रशुद्ध तुलना करणार. पुस्तकं मोहन्याच्या वाचनालयाला.

९ सप्टेंबर
पुस्तकं गेली. सातवीचं कवितेचं पुस्तकही. होडीची कविता त्यातलीच. तीन कडवी तोंडपाठ. रोज बाल्कनीत म्हणतो, चौथ्यापाशी अडतो. काळजी नाही. नेटवर सगळं असतं.

१२ सप्टेंबर
टॅबलेट. रंग झकास. बाल्कनीत उघडला तर कवितेऐवजी माझंच नाक दिसलं. मधेच मामेभावाचं सुप्रभात, गुलाबासकट. आडवं होऊन वाचताना छातीवर आपटला.

१५ सप्टेंबर
ई-रीडर. करडा, शांत, उन्हातही स्वच्छ. अगदी पहिलीतली पाटी! बोटाला थुंकी लावून पान उलटलं, चार पानं गेली. मालन : "अहो, पुसा ते! सूनबाईंचं आहे." सवय होईल. तूर्त रीडर पुढे.

२० सप्टेंबर
नेटवर एक जुनं पाठ्यपुस्तक सापडलं! रीडरवर अक्षरं मुंगीएवढी. मोठी केली तर ओळीचं शेपूट बाहेर. 'आली आली' एवढं वाचलं. कोण आली ते कडेपलीकडे. टॅबलेटवर नीट दिसलं, पण पुस्तक आठवीचं निघालं. सुशांतला फोन. "बाबा, पुस्तक द्यायच्या आधी शोधायचं ना!" हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
सरस्वतीपूजन. घरात पुस्तक नाही. टॅबलेटवर मालनची बासुंदी चालू, म्हणून पाटावर रीडर. गंध, हळद-कुंकू, झेंडू. फुलाने पाणी शिंपडलं. पूजेतलं पुस्तक आज वाचायचं नसतं. शाळेत याच नियमावर माझा सर्वांत जास्त विश्वास. उद्या चौथं कडवं शोधणारच.

३ ऑक्टोबर
रीडर उघडेना. चार्जिंगच्या भोकात कुंकू. टूथपिकने काढायला गेलो, आणखी आत गेलं. सूनबाई फोनवर म्हणाल्या, "असू दे बाबा, तसाही जुनाच होता." मालन म्हणाली, "राहू दे आता देव्हाऱ्यातच." टॅबलेट स्वयंपाकघरात गेला तो गेलाच. तुलना पूर्ण. कागद श्रेष्ठ, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

११ ऑक्टोबर
मोहने. वाचनालयातल्या संचिताताईंनी पुस्तक काढून दिलं. पहिल्या पानावर मीच : विठ्ठल, इयत्ता सातवी, तुकडी ब. घरी न्यायला मागितलं. "आजोबा, फार जुनं झालंय, इथेच बसून वाचा. आणि थुंकी नका लावू पानांना." माझ्याच पुस्तकाला!
चौथं कडवं वाचलं. डोळे भरून आले. ताईंनी कागद-पेन पुढे केलं, "लिहून घ्या ना." म्हटलं, "गरज नाही. एका वाचनात पाठ व्हायचं माझं."
रिक्षात म्हणत आलो. कल्याणपर्यंत होतं.
संध्याकाळी बाल्कनीत उभा राहिलो. तीन कडवी म्हटली. पुढे होडी परत येते, एवढंच आठवतं.
वाचनालय उद्या बंद.