तिसऱ्या मजल्यावरची पिशवी

१७ ऑगस्ट, मंगळवार

सिस्टर, नमस्कार.

मी मावशी, तुमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जिने पुसते ती. तुम्ही आता कुठे राहता ते इथे कुणालाच माहीत नाही, म्हणून हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतेय. तुमची तब्येत बरी असेल. वेळेवर जेवत नसणार, ते सांगायला नको.

हे पत्र मला कमिटीनं लिहायला लावलंय. "तुझं सिस्टरशी जमायचं, तूच लिही," म्हणाले. निरोप असा आहे की तुमची खोली अजून रिकामी आहे, झालं गेलं मनातून काढा आणि परत या. झाला निरोप देऊन.

इथलं सांगते. उलट्यांची साथ अजून उतरलेली नाही. कुणी नुसतं शिंकलं तरी चार दारं धाडकन लागतात. मी जिना पुसत वर गेले की प्रत्येक दाराच्या भोकातून एक डोळा माझ्या हातांवर. बँकेतले काका परवा माझ्या बादलीत वाकून वास घेत होते, औषध घातलंय की नुसतंच पाणी, म्हणून. मी म्हटलं, "काका, घोटभर पिऊन बघता का?" तर चिडले. लिफ्टची बटणं आता सगळे कोपरानं दाबतात आणि मग त्याच कोपरानं नाक पुसतात.

तुम्ही दाखवलंत तसंच करते मी. आधी साबणाचं पाणी, मग ब्लीचचं. लावल्या लावल्या पुसायचं नाही, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आजाऱ्याच्या मजल्याचं फडकं दुसऱ्या मजल्याला लावायचं नाही. तीन फडक्यांना तीन रंगांचे दोरे बांधलेत. जिन्याच्या कठड्याची खालची बाजू कुणी पुसत नाही हे तुम्हीच सांगितलंत. मी वीस वर्षं वरचीच पुसत होते.

एक कबूल करते. सुरुवातीला मला तुमचाच संशय यायचा. तुम्ही ड्युटीवरून आलात की चपला दाराबाहेर धुवायचात, कपडे बाहेरच बादलीत बुडवायचात, कोपरापर्यंत हात घासायचात. मला वाटायचं, एवढं धुते ती काय उगीच? हॉस्पिटलातून काहीतरी घेऊन येते ही. माणूस जास्त स्वच्छ असला की तो काहीतरी लपवतो, असं माझं डोकं चालायचं. हे मी चौथ्या मजल्यावर दोघी-तिघींजवळ बोलले पण. तेव्हा तुम्ही मला ते रबरी हातमोजे दिले नव्हते. दिल्यानंतर बोलले नाही.

आता पिशवीचं.

त्या शनिवारी सकाळी तुमच्या आणि सेक्रेटरीसाहेबांच्या दारांच्या मधोमध ती काळी पिशवी पडली होती. मांजरानं फाडलेली. आत उलटीनं भरलेल्या चिंध्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं. मी ओरडले, तसे सगळे गोळा झाले. पण ओरडायच्या आधी मी एक पाहिलं होतं. चिंधी निळ्या चौकटीच्या चादरीची होती. ती चादर सहा वर्षं गच्चीवरच्या दोरीला मी पाहत आलेय. सेक्रेटरीसाहेबांच्या वडिलांची. आजोबा आठवडाभर खाली आले नव्हते. वहिनींना विचारलं की म्हणायच्या, गुडघे धरलेत.

साहेब दारात आले. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच नोटीस लावली होती की घरात कुणी आजारी असेल तर लगेच कळवा, लपवणाऱ्याची गय केली जाणार नाही. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक पडलेला. म्हणाले, "मावशी, ही सिस्टरच्याच दारातली ना? तुम्हीच बोलत होतात मागे."

तेवढ्यात तुम्ही दार उघडलंत. ड्युटी करून झोपलेल्या होतात, डोळे लाल. तुम्ही म्हणालात, "मावशी, तुम्ही तरी सांगा यांना. माझा कचरा रोज तुम्ही उचलता."

मी बादलीकडे बघत बसले. मला वाटतं तुम्हाला वाटलं असेल, मावशी घाबरली, काही बोलली नाही. तसं नाही झालं, सिस्टर. तुमच्या बंद दाराकडे पाठ होती तेव्हा मी साहेबांना मान हलवून हो म्हटलं होतं. तुम्ही दार उघडायच्या आधी. सगळ्यांनी पाहिलं, फक्त तुम्ही नाही पाहिलं. म्हणून तुम्हाला खोली सोडायला सांगणाऱ्या कागदावर एवढ्या पटापट सह्या झाल्या.

का हलवली ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. काम जाईल ही भीती होतीच. पण खरं म्हणजे मला ते सोपं गेलं. तुमच्यावरचा संशय मीच पेरला होता, तो खरा ठरत होता.

सही केली नाही ती एकट्या शिवणकामवाल्या ताईंनी. तळमजल्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ती दमून भागून येते, हे मला दिसतं. बाकी मला काही दिसलं नाही." आणि मशीनवर जाऊन बसल्या. तुम्ही दोन बॅगा घेऊन उतरलात तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. सगळे दारांआड होते. मी पण, बादल्यांच्या खोलीत.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी आजोबांचे पायजमे ताईंकडे टाकले, कमरेत ढगळ झालेत म्हणून. आजोबा एवढे का वाळलेत, ते सांगितलं नाही. पायजमे नीट धुतलेलेही नसणार. पाचव्या दिवशी ताई आडव्या झाल्या. मग त्यांच्या शेजारचे दोघं, मग चौथ्या मजल्यावर एक. मी ताईंचं दार पुसायला गेले तर आतून उलटीचा आवाज. मी जिन्यातच बसले.

आरोग्य खात्याचे दोघं आले ते तुम्ही गेल्यानंतर अकराव्या दिवशी. अंगणात सगळ्यांना उभं केलं. विचारलं, पहिलं कोण आजारी पडलं?

साहेब म्हणाले, "इथे एक नर्स राहायची. गेली ती."

मी म्हटलं, "नाही. आजोबा. तिसरा मजला, डावीकडचं दार."

"मावशी, विचार करून बोला."

"विचार केलाय साहेब. अकरा दिवस दुसरं काही केलं नाही."

मग चादरीचं सांगितलं, मान हलवल्याचं सांगितलं. वहिनी तिथेच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, लोक आपल्याला वाळीत टाकतील म्हणून लपवलं. मला त्यांचा राग येईना. बाकीच्यांचा आला. ज्यांनी सह्या केल्या होत्या तेच सगळ्यात मोठ्यानं साहेबांना बोलत होते.

आजोबांना तुमच्याच हॉस्पिटलात आणलं होतं, आणि ते तिथेच गेले. पत्र्याच्या गाडीतून तिकडूनच स्मशानात नेलं त्यांना, घरी परत आणलं नाही. शेवटी त्यांच्याजवळ तुम्हीच होतात, असं कळलं. तुम्ही त्यांना ओळखलं असणार. मला विचारायचं होतं की तेव्हा तुम्हाला काय वाटलं, पण तो हक्क माझा नाही.

काम अजून आहे माझं. पण आता मला कुणी चहाला थांबवत नाही. आज यांचं सांगितलं, उद्या आमचं सांगेल, असं म्हणतात. म्हणू देत.

कमिटीला तुम्ही परत का हव्या आहात, याचाही मला संशय येतो. पश्चात्ताप झालाय असं मला तरी दिसत नाही. आजारी घरं चार आहेत आणि बिल्डिंगमध्ये सुई टोचता येणारं माणूस नाही, एवढंच दिसतं. म्हणून मी या म्हणत नाही आणि येऊ नका असंही नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

शिवणकामवाल्या ताई तुमच्याच वॉर्डात आहेत, खिडकीजवळच्या खाटेवर, असं त्यांचा भाऊ म्हणाला. पाणी पोटात टिकायला लागलंय म्हणे. त्यांना अजून माहीत नाही. मान कुणी हलवली, ते त्या अंगणात नसल्यामुळे त्यांच्यापर्यंत गेलेलं नाही. त्या घरी आल्या की मीच सांगणार होते. पण आता वाटतं, तेवढे दिवस सुद्धा मी माझ्यासाठीच मागतेय. तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखवा. सगळं दाखवा, मधलं काही गाळू नका. त्या काय म्हणतात ते मला कळवलं नाहीत तरी चालेल.

हात सांभाळा.

तुमची
असं लिहिलं होतं, खोडलं.

जिने पुसणारी बाई