बाहेरच्या खोलीतली दुर्बीण

आप्पा, काल मी यवतला काकांकडे जाऊन आले. तेच काका, दौंडच्या कॅम्पात आपल्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत राहायचे ते. क्वार्टर कमी आणि जवान जास्त, म्हणून आतल्या दोन खोल्यांत आपण आणि बाहेर ते एकटे. आई त्यांच्यासाठी दोन भाकरी जास्त थापायची, ते सुट्टीवरून येताना तिला हुलग्याचं पीठ आणायचे. तुम्ही हवालदार, ते तुमच्या हाताखालचे. सरावाची दुर्बीण त्यांच्या खोलीतल्या ट्रंकेत असायची आणि किल्ल्या दोघांकडे. रविवारी ते मला पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर उभं करून दुर्बीण डोळ्यांना लावून देतात. भीमेच्या पुलावरून मालगाडी चाललीय, मी डबे मोजतेय, आणि मागे ते माझी वेणी धरून उभे. "पडू नगं बाय, तुझा आप्पा मला ग्राउंडला पळवंल."

मग एका सकाळी ट्रंकेत दुर्बीण नव्हती. साहेबांनी कडुनिंबाखाली टेबल मांडलं. ट्रंक कोण उघडतं, घरात कोण येतं-जातं, सगळ्यांना विचारून झालं. तुम्ही मला हाताला धरून तिथे नेलंत. वाटेत म्हणालात, "भ्यायचं न्हाई. बघितलं तेवढंच सांगायचं." मी दहा वर्षांची. दुर्बीण कुणाच्या हातात पाहिलीस, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, काकांच्या. कितीदा? दर रविवारी. तुमच्या हातात मी ती कधी पाहिलीच नव्हती. काका समोरच उभे होते. माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्याच हातून हरवली म्हणाले आणि कागदावर सही केली. त्यांना नाईकाची फीत मिळणार होती, ती गेली. खोली गेली. दोन वर्षांत नोकरी सोडून ते गावी आले. त्या संध्याकाळी तुम्ही सायकलवरून मला बाजारात नेलंत आणि खरं बोललीस म्हणून कंपासपेटी घेऊन दिलीत. शिरूरच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून मी किती वर्गांना ती पेटी दाखवली असेल. माणूस ओळखीचा असला तरी खरं सांगायचं, असं सांगत आले.

गेल्या महिन्यात तुमच्यामागे आईही गेली. घोडनदीच्या घाटावर दहाव्याला तुमचे एक जुने दोस्त आले होते, शेजारच्या कंपनीचं स्टोअर सांभाळणारे. तपासणी आली की एका कंपनीची वस्तू दुसरीत नेऊन भरती करायची आणि काम झालं की गुपचूप परत आणायची, ही कॅम्पातली रीत त्यांनी हसत हसत सांगितली. मग म्हणाले, "माझ्याकडं एक दुर्बीण कमी भरत व्हती. तुझ्या आप्पानं त्यांच्या कंपनीची आणून दिली. तेवढ्यात माझी बदली झाली आन् ती तिकडंच ऱ्हायली. पर तुझ्या आप्पानं कुठं माझं नाव घेतलं न्हाई. लई मोठ्या मनाचा माणूस." मी मान हलवली. पिंडाला कावळा शिवत नव्हता, सगळे तिकडे बघत होते, ते बरं झालं.

म्हणजे टेबल मांडलं तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. माझा हात तुमच्या हातात होता तेव्हासुद्धा. तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलं असतंत तर राग लवकर गेला असता, आप्पा. तुम्ही माझं खरं वापरलंत, आणि वर त्याचं बक्षीस दिलंत. आईला ठाऊक होतं का, हे आता कुणाला विचारू? त्यानंतर बरेच दिवस ती भाकरी थापताना दोन जास्तीच्या करायची आणि मग शेजारी देऊन यायची, एवढं आठवतं.

सगळं सांगायचंच म्हणून काल निघाले. एसटीत वाक्यं घोकत होते. काकांनी पडवीत घोंगडी टाकली, चहा झाला, आणि मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "एक इचारू का ताई? ती दुर्बीण तू नेली व्हतीस ना? मला वाटलं, पोरीनं खेळायला नेली, कुठं तरी पाडली आन् आता भ्याली. म्हनून सही केली म्या. पर कवा कवा वाटतं, तिनं नसंल नेली तर मंग कुनी?"

इतकी वर्षं ते मला पाठीशी घालत होते, आणि मी त्यांना वर्गावर्गात चोर ठरवत होते.

मी म्हटलं, "हो काका. मीच नेली होती. नदीत पडली."

ते खूप हसले. आत हाक मारून काकूंना म्हणाले, "आगं ऐकलं का, घावली बघ आपली दुर्बीण." निघताना त्यांनी पिशवीत हुलग्याचं पीठ दिलं.

काकांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले, असं शिरूरपर्यंत स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुमचं नाव जिभेवर आलं होतं, आप्पा, आणि मला ते त्यांच्यासमोर उच्चारवलं नाही.