उजवीकडचं स्टिअरिंग

बुलढाणा, १९७१

सहदेवा,

अमेरिकेतून तू बोटीनं पाठवलेलं पार्सल आठ दिवसांमागं पोचलं. तुह्या लाल मोटारीचं प्लास्टिकचं मॉडेल, सारे भाग सुटे. खोकं उघडून बाबा लेकरासारखे हसले. ट्यूबमधला गोंद वाळून दगड झाला होता, म्हणून स्टोवर सुई तापवून त्यांनी एकेक जोड वितळवून बसवला. यष्टीची ड्रायव्हरी सुटल्यापासून त्यांचे हात एवढे खुशीत दिसले नव्हते.

पण स्टिअरिंग डावीकडे पाहून ते भडकले. "हे काय बे उलटं! राजूर घाटात ओव्हरटेक करतानी समोरचा दिसन काय याले?" ब्लेडनं कापून त्यांनी ते उजवीकडं बसवलं. आता रोज म्हणतात, "बेबी, त्याले लिही, तुही गाडी बी अशीच करून घे म्हणा."

कोणाले लिहू मी? तू गेल्याचं तुह्या दोस्ताचा भाऊ मागच्या महिन्यात सांगून गेला. बाबा तवा बाजारात होते. तो म्हणे, तिकडं गाड्या उजवीकडून चालतात, पण रस्ता रिकामा होता, सहदेवनं सवयीनं गाडी डावीकडून नेली, अन् समोरून ट्रक आला. हे बाबाले कोणत्या तोंडानं सांगू?

आज मोटार खिडकीत ठेवून बाबांनी इचारलं, "म्या त्याले शिकवलं होतं, काही झालं तरी डावी बाजू सोडायची नाही. ध्यानात असन ना त्याच्या?"

म्या म्हटलं, "हाव बाबा. त्यानं नाही सोडली."

तुही,
बेबीताई