दहा शब्दांची मोजणी

प्रिय सेगुलाताई,

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, हनुक्क्याच्या सणाला नक्की येतोस ना, आणि मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. दूध खरंच होतं, पण अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं. दोन दिवस ते मनाला लागून राहिलं आहे. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मध्येच तुझा श्वास ऐकू येतो आणि मी भलतंच बोलून बसतो. म्हणून लिहितो आहे.

भावोजी गेल्यापासून तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदच्या त्या घरात तू एकटी आहेस. माझ्या कायमच्या राहण्यासाठी मागची खोली रिकामी केलीस, त्यांचं कपाटही आवरलंस. ते आवरताना तुला काय वाटलं असेल, हे मी विचारलंसुद्धा नाही.

इथे मीही आवराआवरीला लागलो होतो. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल. लालबागचे मांडव उतरत होते. बाबांची प्रार्थनेची शाल आणि पुस्तकं पिशवीत भरून परळच्या आपल्या लहानशा सिनेगॉगमध्ये देऊन टाकायला गेलो. दारात बेन्सनकाका पेझारकर उभे. आठवतात ना, मलिद्याच्या ताटातला खजूर सगळ्यांच्या आधी उचलणारे? माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाले, "शब्बाथच्या दिवशी ओझं उचलून आलास? आण ते खाली आणि बस." त्या दिवशी शनिवार आहे, हे मी विसरलो होतो. आवसकरांच्या मुलाने ते विसरावं, यावर आत थोडं हसू झालं. मग काका मोजायला लागले.

माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, हे बाबांनी आपल्याला किती लहानपणी शिकवलं होतं. घरी मलिद्याचा विधी असला की गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांचं ताट मध्ये ठेवून बाबा ते दहा शब्दांचं हिब्रू वाक्य म्हणायचे, एकेका पुरुषाकडे बघत एकेक शब्द. वाक्य पुरं झालं की माणसं पुरी. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते त्यांच्याबरोबर पुटपुटायचीस, आणि ते अडखळले की पुढचा शब्द तूच द्यायचीस. मोजणीत मात्र तू कधीच नव्हतीस. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

त्या शनिवारी दहावा शब्द माझ्यावर आला आणि काकांचा आवाज कापरा झाला. मोझेलकाकी चारच दिवसांपूर्वी गेल्या होत्या. त्यांना मूल नाही, म्हणून मुलाने आईसाठी अकरा महिने म्हणायचं ते कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, काकांनी स्वतःकडे घेतलं आहे. दहा पुरुष जमले नाहीत तर ते म्हणता येत नाही. मी बाबांची शाल पिशवीतून काढून अंगावर घेतली.

तेव्हापासून दर शनिवारी जातो. रोजनिशीत दर वेळी स्वतःला विचारतो, मी प्रार्थना केली की नुसती जागा अडवली? तुला माहीत आहे, बाबा गेल्यानंतर माझं आणि देवाचं बोलणं जवळजवळ बंदच आहे. हे लपवून तिथे उभं राहणं मला लबाडीचं वाटायला लागलं, म्हणून एकदा काकांना सांगून टाकलं. ते आयुष्यभर गिरणीत हजेरी घ्यायच्या कामावर होते. शांतपणे म्हणाले, "मी हजेरी घेताना एकालाही विचारलं नाही, तुला मालक आवडतो का."

मी तुझ्याकडे यायचं म्हणतोय हेही त्यांना ठाऊक आहे. बहीण एकटी आहे, जा, असंच ते म्हणतात. "नऊच जण असले तर मी कद्दीश मनात म्हणेन," म्हणतात.

मागच्या शनिवारी मी मुद्दाम घरी थांबलो. माझ्यावाचून काय होतं ते बघावं, आणि तिथे गेल्यावाचून मलाही राहता येतं का, तेही. चहा घेऊन गॅलरीत बसलो होतो. शेजारच्या गंगुबाई, आपली आई असताना शनिवारी आपण विस्तव पेटवायचा नाही म्हणून आपला स्टोव्ह पेटवून द्यायच्या त्याच, आता काठी टेकत चालतात. समोर येऊन उभ्या राहिल्या. "आज शनवार मां रे? मग हय काय करतंस?" चहा तसाच ठेवून निघालो.

सिनेगॉगच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर काका पायरीवर उभे. खांद्यावर शाल, हात पाठीमागे, नजर लालबागच्या बाजूला. शब्बाथला ते फोनला हात लावत नाहीत, त्यामुळे वाट बघण्याखेरीज त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांनी मला बघितलं. आत वळले, आणि त्यांच्यामागून मी.

ताई, हनुक्क्याला मी येत नाही. पुढच्या श्रावणात काकांचं कद्दीश पुरं होईल, तोवर इथेच राहतो. एका एकट्या माणसासाठी दुसऱ्या एकट्या माणसाला थांबवतो आहे, आणि ते दुसरं माणूस माझी सख्खी बहीण आहे. हे बरोबर की चूक ते मला ठरवता आलेलं नाही. तू रागावलीस तर तेही बरोबरच असेल. खोली मात्र मोडू नकोस. आणि एक कर. शुक्रवारी दिवा लावायच्या आधी मला फोन करून ते वाक्य म्हणून दाखवत जा. काकांना हल्ली धाप लागते, म्हणून मोजणी त्यांनी माझ्याकडे दिली आहे. सातव्या शब्दापाशी मी हमखास अडखळतो, आणि मग सगळे माझ्याकडे बघत असताना स्वयंपाकघराच्या दारातून तुझा आवाज येण्याची वाट बघत उभा राहतो.

तुझाच,
एली